आग ओकणारी 'ड्रॅगन्स ब्रेथ' काडतुसं की साधे छर्रे: शॉटगनमधलं जास्त घातक काय?

अंधारात एक माणूस शॉटगन खांद्याला लावतो, चाप ओढतो आणि नळीतून आगीचा भलामोठा लोळ बाहेर पडतो. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर असे व्हीडिओ तुम्हीही पाहिले असतील. २०२३ मध्ये आलेल्या 'जॉन विक: चॅप्टर ४' या चित्रपटात अशाच काडतुसांचा एक लांबलचक प्रसंग होता. त्यानंतर 'ड्रॅगन्स ब्रेथ' हे नाव बंदुकांशी काही संबंध नसलेल्यांनाही माहीत झालं.

या व्हीडिओंखालच्या कमेंट्समध्ये एकच सूर असतो: 'यापेक्षा भयंकर काही असूच शकत नाही.'

पण २०१६ च्या उन्हाळ्यात काश्मीरमध्ये शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली, ती याच जातीच्या बंदुकीतून सुटलेल्या अगदी साध्या, बारीक छर्र्यांमुळे. त्यात ना आग होती, ना स्फोट.

मग शॉटगनची 'साधी' आणि 'विचित्र' काडतुसं यांच्यात नेमका फरक काय? दिसायला भयंकर असलेलं काडतूस खरंच जास्त धोकादायक असतं का? आणि पोलीस ज्यांना 'कमी घातक' म्हणतात, ती किती कमी घातक असतात? समजून घेऊया.

बारा बोअर म्हणजे काय?

रायफल किंवा पिस्तुलातून एका वेळी एकच गोळी सुटते. त्यांच्या नळीला आतून पीळ असतो, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. शॉटगनची नळी बहुतेक वेळा आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून साधारणपणे एका बाराला अनेक छर्रे बाहेर पडतात.

आपल्याकडे 'बारा बोअरची बंदूक' हा शब्द गावोगावी माहीत आहे. त्यातल्या 'बारा'चा हिशोब मजेशीर आहे. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाचे १२ सारखे गोळे केले, तर त्यातल्या एका गोळ्याचा व्यास जितका भरेल, तितकी नळीची रुंदी. हा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर येतो. वीस बोअरसाठी त्याच पौंडाचे २० गोळे करायचे. गोळे लहान होतात, म्हणून नळीही अरुंद. आकडा वाढला की बंदुकीचं तोंड लहान होतं, ते यामुळे.

नळी गुळगुळीत आणि रुंद असल्याचा एक परिणाम होतो. काडतुसाच्या कवचात मावेल आणि नळीतून सुखरूप बाहेर पडेल असं जवळपास काहीही त्यात भरता येतं. शॉटगनच्या काडतुसांचे इतके चित्रविचित्र प्रकार निघाले, ते याच कारणाने.

काडतुसाच्या आत काय असतं?

साधं काडतूस म्हणजे प्लास्टिकची एक नळकांडी आणि तिच्या बुडाला पितळी टोपी. टोपीच्या मध्यभागी ठिणगी पाडणारा छोटा भाग असतो. त्याच्यावर दारू, दारूवर प्लास्टिकचा किंवा नमद्याचा एक गट्टू आणि त्यावर छर्रे. वरचं तोंड घड्या घालून बंद केलेलं असतं.

चाप ओढला की ठिणगी पडते, दारू जळते, वायू तयार होतो आणि तो गट्टूला ढकलतो. गट्टू छर्र्यांना ढकलतो. बाहेर पडल्यावर गट्टू मागे पडतो आणि छर्रे पुढे जाता जाता पसरत जातात.

ही काडतुसं महाराष्ट्रातही बनतात. पुण्याच्या खडकीतला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचं विभाजन झालं, तेव्हापासून तो 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीत आहे.

साधी काडतुसं: वजन तेच, तुकडे वेगळे

नेहमीच्या वापरातली काडतुसं ढोबळमानाने तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार बारीक छर्र्यांचा. पक्ष्यांची शिकार आणि नेमबाजी यासाठी ही काडतुसं वापरतात. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीट प्रकारांत काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात आणि हवेत उडणारी ११० मिलिमीटर व्यासाची मातीची तबकडी फोडायची असते. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी भारताला रौप्यपदक मिळवून दिलं, ते शॉटगनच्याच डबल ट्रॅप प्रकारात.

दुसरा प्रकार जाड छर्र्यांचा. इंग्रजीत त्याला 'बकशॉट' म्हणतात. भारतात अशा काडतुसांवर 'एसजी', 'एलजी' अशी अक्षरं दिसतात. तिसऱ्या प्रकारात छर्रे नसतातच. शिशाचा एकच जाडजूड गोळा असतो, त्याला 'स्लग' म्हणतात. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये आणि अमेरिकेच्या कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये तयार केलेले स्लग आजही त्यांच्याच नावांनी ओळखले जातात.

आता थोडं गणित. ९ नंबरचा बारीक छर्रा साधारण २ मिलिमीटरचा असतो. सुमारे २८ ग्रॅम शिशात असे साडेपाचशेहून जास्त छर्रे बसतात. जाड छर्रा ८.४ मिलिमीटरचा असेल, तर जवळपास तितक्याच वजनात फक्त आठ-नऊ बसतात. म्हणजे एक जाड छर्रा एका बारीक छर्र्यापेक्षा सुमारे ७० पट जड.

बंदूक तीच, नळीतून निघताना वेग साधारण सारखाच, तरी परिणाम पूर्ण वेगळा होतो. हलका छर्रा हवेच्या विरोधामुळे लवकर मंदावतो. जड छर्रा वेग टिकवतो आणि खोल शिरतो. म्हणून काडतुसाला नाव काय दिलंय यापेक्षा त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक तुकडा किती जड आहे आणि समोरचा किती अंतरावर आहे, यावर सगळं ठरतं.

अंतराचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. अगदी जवळून झाडलेल्या बारात बारीक छर्र्यांनाही पसरायला वेळ मिळत नाही. ते एकत्रच आदळतात आणि जखम एखाद्या मोठ्या गोळीसारखी होते. 'बारीक छर्रे म्हणजे किरकोळ दुखापत' हा समज यामुळेच चुकीचा ठरतो.

आगीचा लोळ, सुया आणि तारेने जोडलेले गोळे

आता वळूया व्हीडिओत दिसणाऱ्या काडतुसांकडे.

'ड्रॅगन्स ब्रेथ'मध्ये छर्र्यांऐवजी मॅग्नेशियमसारख्या चटकन पेट घेणाऱ्या धातूंचे कण असतात. ते जळत बाहेर पडतात आणि अंधारात कॅमेऱ्यासमोर तो लोळ प्रचंड दिसतो. प्रत्यक्षात हे कण हलके असतात, क्षणात विझतात आणि त्यांचा धक्काही कमी असतो. आपोआप पुढचं काडतूस भरणाऱ्या अनेक शॉटगनना काम करण्यासाठी तेवढा जोर पुरत नाही, त्यामुळे त्या या काडतुसांवर अडकतात. पण आगीचा धोका खरा आहे. वाळलेलं गवत, घराचं छप्पर, अंगावरचे कपडे पेटू शकतात. नेम धरलेल्या माणसाइतकाच धोका आजूबाजूच्या सगळ्यांना असतो.

'फ्लेशेट' काडतुसात छर्र्यांच्या जागी मागे पंख असलेल्या बारीक पोलादी सुया असतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेने त्यांचे प्रयोग केले. सुया आतपर्यंत घुसतात, पण हलक्या असल्याने त्या नेमक्या कुठे जातील याची खात्री नसते. 'बोलो' प्रकारात शिशाचे दोन गोळे तारेने जोडलेले असतात. ऐकायला भीतिदायक वाटलं, तरी ते हवेत कसे फिरतील याचा भरवसा नसतो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने ड्रॅगन्स ब्रेथ, बोलो आणि फ्लेशेट या तिन्ही काडतुसांवर कायद्याने बंदी घातली आहे. इलिनॉयमध्येही अशीच बंदी आहे. त्याच राज्यांमध्ये जाड छर्र्यांची नेहमीची काडतुसं मात्र कायदेशीररीत्या विकली जातात. जगभरातली पोलीस दलं आणि सैन्यं शॉटगनसाठी आजही मुख्यतः जाड छर्रे आणि स्लगच वापरतात, कारण त्यांचा परिणाम काय होईल हे आधीच माहीत असतं.

जाड छर्र्यांच्या परिणामाबद्दलचा वाद तर शंभर वर्षांपूर्वीचा आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिक खंदकांत शॉटगन घेऊन उतरले, तेव्हा सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने अधिकृत निषेध नोंदवला. हे शस्त्र विनाकारण यातना देणारं आहे, असं जर्मनीचं म्हणणं होतं. अमेरिकेने ते फेटाळलं. ज्या काडतुसांवर हा आक्षेप होता, ती साधीच होती.

पोलिसांची 'कमी घातक' काडतुसं किती सुरक्षित?

शॉटगनमध्ये काहीही भरता येतं, या गुणाचा उपयोग पोलिसांनीही केला. गर्दी पांगवायची किंवा एखाद्याला रोखायचं, पण जीव घ्यायचा नाही, अशा वेळेसाठी रबरी छर्रे आणि 'बीनबॅग' आले.

बीनबॅग म्हणजे मजबूत कापडाची छोटी पिशवी, आत साधारण ४० ग्रॅम छर्रे. ती अंगात घुसू नये, फक्त जोरात लागावी अशी अपेक्षा असते. पण डोक्याला लागली तर कवटी फुटू शकते. मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात निदर्शनांच्या वेळी बीनबॅग लागून अनेकजण गंभीर जखमी झाले. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी गर्दीवर त्यांचा वापर थांबवला.

दुसरा धोका आणखी साधा आहे, अदलाबदलीचा. २०११ मध्ये अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहरात एका पोलिसाने बीनबॅगसाठी राखून ठेवलेल्या शॉटगनमध्ये चुकून खरी काडतुसं भरली आणि एका माणसावर झाडली. तो माणूस वाचला, पण त्याला कायमची इजा झाली. बीनबॅग आणि खरं काडतूस एकाच मापाचं असतं आणि एकाच बंदुकीत बसतं. त्यामुळे समोरच्याचा जीव भरणाऱ्याच्या लक्षावर अवलंबून राहतो. अनेक ठिकाणी बीनबॅगच्या बंदुकांना भडक नारिंगी रंग देतात, तो याचसाठी.

तंत्रज्ञानावर भरवसा ठेवणारे प्रयोगही झाले. टेझर कंपनीने २००९ मध्ये 'एक्सरेप' नावाचं काडतूस बाजारात आणलं. ते शॉटगनमधून सुटून अंगाला चिकटायचं आणि विजेचा झटका द्यायचं. २०१० मध्ये इंग्लंडच्या नॉर्दम्ब्रिया पोलिसांनी एका सशस्त्र फरार आरोपीला रोखण्यासाठी ते वापरलं, पण त्याचा उपयोग झाला नाही. पुढे काही वर्षांतच हे काडतूस बंद झालं.

काश्मीरमध्ये वापरलेली काडतुसं कोणती होती?

भारतात या विषयाला सर्वांत मोठा संदर्भ काश्मीरचा आहे. २०१० च्या आंदोलनात गोळीबारात अनेकांचे जीव गेल्यावर तिथे सुरक्षा दलांना 'पेलेट गन' देण्यात आल्या. उद्देश हा की जमावाला आवर घालावा, पण मृत्यू टळावेत.

'पेलेट गन' या नावामुळे अनेकांना जत्रेत फुगे फोडायची एअरगन आठवते. प्रत्यक्षात त्या १२ बोअरच्या पंप ॲक्शन शॉटगन आहेत. त्यांत कोणतंही खास काडतूस नव्हतं. पक्ष्यांच्या शिकारीसाठी असतात तसल्या, बारीक धातूच्या छर्र्यांची ती साधी काडतुसं होती.

जुलै २०१६ मध्ये हिजबुल मुजाहिदीनचा कमांडर बुरहान वानी मारला गेला आणि खोऱ्यात आंदोलन पेटलं. त्यानंतरच्या ३२ दिवसांत सुमारे १३ लाख छर्रे झाडल्याचं केंद्रीय राखीव पोलीस दलाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाला सांगितलं. श्रीनगरच्या श्री महाराजा हरिसिंह रुग्णालयात डोळ्यांत छर्रे गेलेल्या रुग्णांची रीघ लागली. त्यात लहान मुलंही होती आणि निदर्शनांशी संबंध नसलेले लोकही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने २०१७ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दृष्टीला इजा झालेल्या ८८ जणांच्या नोंदी होत्या.

असं का झालं, याचं उत्तर वरच्या गणितात आहे. एका काडतुसातून शेकडो छर्रे सुटतात आणि पसरत जातात. नेम कमरेखाली धरला, तरी प्रत्येक छर्रा कुठे जाईल हे झाडणाऱ्याच्या हातात राहत नाही. समोरचा खाली वाकला, पळाला, तर नेम आणखी चुकतो. दोन मिलिमीटरचा छर्रा जाड कपड्यावर आणि कातडीवर कदाचित फार खोल जाणार नाही. डोळ्याला मात्र असं कोणतंही संरक्षण नसतं. आणि अंतर कमी असेल तर हेच छर्रे जीवही घेतात.

यानंतर केंद्राने पर्याय शोधण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. समितीने मिरचीसारखी आग करणाऱ्या 'पावा' रसायनाच्या नळकांड्या सुचवल्या. त्या ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला, सीमा सुरक्षा दलाच्या अश्रुधूर विभागात तयार झाल्या आणि सप्टेंबर २०१६ पासून काश्मीरला पाठवल्या गेल्या. पण पेलेट गन पूर्णपणे मागे घेतल्या गेल्या नाहीत. त्यांच्यावर बंदी घालण्याची मागणी करणारी याचिका जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये फेटाळली. जमाव हिंसक असेल तर बळाचा वापर टाळता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

नवं काडतूस खरंच चांगलं कुठे ठरलं?

मग वेगळं काडतूस म्हणजे नुसता देखावाच का? तसं नाही. एका ठिकाणी जुन्यापेक्षा नवं स्पष्टपणे चांगलं ठरलं आणि त्याचा व्हीडिओ सहसा कुणी बनवत नाही.

छर्रे शतकानुशतकं शिशाचेच बनत आले. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स यांनी १७८२ मध्ये उंचावरून वितळलेलं शिसं चाळणीतून पाण्यात सोडून गोल छर्रे बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि छर्रे स्वस्त झाले. पण शिकाऱ्यांचे बहुतेक छर्रे पक्ष्याला लागत नाहीत. ते तळ्याच्या तळाशी जाऊन पडतात. बदकं दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. खडे समजून ती हे छर्रे गिळतात. पोटात शिसं झिजून रक्तात उतरतं आणि अगदी एक-दोन छर्र्यांनीही पक्षी मरू शकतो. उत्तर अमेरिकेतले २ ते ३ टक्के पाणपक्षी दरवर्षी यामुळे मरतात, असा अंदाज फ्रँक बेलरोज या अभ्यासकाने १९५९ मध्ये मांडला होता.

अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले. डेन्मार्कने १९९६ मध्ये सगळ्याच शिकारीतून ते हटवले. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी ते वापरता येत नाहीत. त्यांच्या जागी पोलाद, बिस्मथ आणि टंगस्टनचे छर्रे आले. पोलाद शिशापेक्षा हलकं असल्याने लांबवर कमी पडतं. टंगस्टन जड आहे, पण खूप महाग. शिकाऱ्यांनी सुरुवातीला बरीच कुरकुर केली. तरी मिसिसिपी नदीच्या पट्ट्यात झालेल्या एका अभ्यासानुसार बंदीनंतर मॅलार्ड बदकांचे शिशाच्या विषबाधेने होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटले.

याच्या उलट उदाहरण युक्रेन युद्धाचं. स्फोटकं घेऊन येणाऱ्या छोट्या ड्रोनना पाडण्यासाठी दोन्ही बाजूंचे सैनिक शॉटगन वापरतायत. काही ड्रोन फायबर केबलने जोडलेले असतात, त्यांचा सिग्नल जॅम करता येत नाही. अशा वेळी शेवटचा उपाय म्हणून, उडत्या पक्ष्यासाठी बनवलेलं साधं छर्र्याचं काडतूसच कामी येतं.

भारतात कायदा काय सांगतो?

भारतात कोणतीही शॉटगन आणि तिची काडतुसं बाळगायला शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. घातक द्रव, वायू किंवा तत्सम पदार्थ भरलेला दारूगोळा या कायद्यात 'प्रतिबंधित' वर्गात मोडतो. परवाना नसताना काडतुसं बनवणं किंवा त्यात फेरफार करणं हासुद्धा गुन्हा आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. लग्नात, मिरवणुकीत हौस म्हणून बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हवेत काढलेल्या बारातला छर्रा साधा होता की खास, हे कायदा विचारत नाही.

पुढच्या वेळी आगीचा लोळ दाखवणारा व्हीडिओ समोर आला, तर तो फॉरवर्ड करण्याआधी त्यातल्या काडतुसातून नेमकं काय बाहेर पडतंय, किती जड आहे आणि समोर किती अंतरावर कोण आहे, एवढं पाहा. आणि बातमीत 'पेलेट' किंवा 'कमी घातक' हे शब्द वाचलेत, तर तेच तीन प्रश्न तिथेही विचारा.